'पाणथळ' : शब्द आणि जमीन
ग्रामीण मिळकतीच्या परीक्षेसंबंधी काही विचार

१

एखाद्या ग्रामीण मिळकतीत कायद्याने संरक्षिलेली पाणथळ जागा आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता भूमापकाचा, वनस्पतिशास्त्रज्ञाचा किंवा वकिलाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकास या प्रश्नाकडे वळावे लागले ते एका चुकीमुळे. आणि ती चूक शब्दाविषयीची होती.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावी भातशेतीतील बोलीशब्दांचा संग्रह करीत असता, ज्यांच्या घरी मुक्काम होता त्या गृहस्थांनी एक जुने खरेदीखत पुढे ठेवले. चार भावांची ती सामाईक जमीन. क्षेत्र २ एकर १० गुंठे. खतात तिचे वर्णन 'खाजण, बांधासह' असे होते. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र तीच जमीन भातपिकाखाली दाखविलेली होती. एका भावाच्या दुखण्याचा खर्च भागविण्यासाठी ती विकावयाची ठरली होती, परंतु घेणाऱ्याच्या वकिलाने 'जमीन पाणथळ असण्याचा संभव आहे' असे कळवून व्यवहार थांबविला होता. "सर, तुम्ही शब्दांचे अभ्यासक. खाजण म्हणजे पाणथळ का, एवढे सांगा," असे त्यांनी विचारले. खाजण म्हणजे खाडीकाठची सखल, खारी, दलदलीची जमीन, हा रूढ अर्थ ध्यानात घेऊन 'होय' असे उत्तर दिले गेले. ते उत्तर कोशाच्या दृष्टीने बरोबर होते. त्या जमिनीच्या दृष्टीने ते बव्हंशी चुकीचे होते. असे का व्हावे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

एकाच जमिनीविषयी आपल्याकडे तीन शब्दसंग्रह नांदत असतात. पहिला शेतकऱ्याचा, दुसरा महसुलाचा आणि तिसरा संरक्षणाच्या कायद्याचा. तिघांचे शब्द कित्येकदा एकच असतात. त्यांच्या मागची वर्गीकरणाची तत्त्वे मात्र भिन्न असतात.

शेतकरी जमिनीला नाव देतो ते पाण्याच्या वर्तनावरून. कोकणात व गोव्यात या नावांची समृद्धी विशेष आहे. भरतीचे पाणी जेथे येते किंवा बांध नसता आले असते ती खाजण वा खार. नदीकाठच्या गाळाची ती मळई. पावसाळी पीक निघाल्यावर झऱ्याच्या वा साठलेल्या ओलीवर जेथे दुसरे भात होते ती वायंगण. जेथे पाणी उतरून साचते तो सखल भाग लवण. गोव्यात खाजन, खेर व मोरड अशी खालून वर चढत जाणारी मालिकाच आहे. 'खार' हा शब्द संस्कृत 'क्षार' यापासून आला, हे सर्वविदित आहे. 'पाणथळ' या शब्दातील 'थळ' हे संस्कृत 'स्थल' होय. स्थल म्हणजे कोरडी भूमी. तेव्हा पाणी आणि भूमी ही परस्परविरुद्ध पदे एकत्र आणून हा समास सिद्ध झाला आहे. तो ज्या वस्तूला लावला जातो तिचे स्वरूपही असेच दुहेरी आहे.

महसुलाचे तत्त्व निराळे आहे. त्याला पाण्याशी नव्हे, आकारणीशी कर्तव्य असते. ज्या जमिनीतून काही पिकत नाही ती 'पोटखराबा'. तिचेही दोन वर्ग आहेत. वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाला इत्यादी कारणांनी लागवडीस अयोग्य असलेला भाग. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेला भाग. कातळ आणि चिखल यांत निसर्गत: कितीही अंतर असो, वर्ग 'अ' मध्ये ते शेजारी बसतात, कारण दोन्ही सारख्याच निष्फळ. येथे जमिनीचे नाव तिच्यात काय आहे यावरून पडत नाही, ती काय देत नाही यावरून पडते.

'पाणथळ' हा शब्द तिसऱ्या संग्रहात आला तो शासकीय मराठीतून. हिंदीच्या वळणाने आलेला 'आर्द्रभूमी' हा पर्यायही अधूनमधून दिसतो, परंतु महाराष्ट्रात 'पाणथळ' हाच रुळला. जिवंत बोलीतला शब्द परिभाषेसाठी घेतला, ही गोष्ट स्वागतार्ह होय. पण तिची किंमतही मोजावी लागते. बोलीतल्या शब्दाचा जुना अर्थ पुसला जात नाही. तो नव्या अर्थाशेजारी उभा राहतो.

शेतकऱ्याच्या तोंडी 'पाणथळ' म्हणजे पाण्याचा निचरा न होणारे, म्हणून तोट्याचे शेत. याचा परिणाम असा की, "तुमच्या जमिनीत पाणथळ आहे का?" असा प्रश्न विचारला असता, निचरा न होणाऱ्या भातखाचराविषयी 'होय' असे उत्तर मिळते, आणि तिवरांनी भरलेल्या खाडीकाठाविषयी 'नाही', कारण ते पाणथळ नव्हे, ते खाजण. सड्यावरच्या पावसाळी डबक्यांविषयी तर कोणी बोलतच नाही, तो सडा. कायद्याच्या दृष्टीने हा क्रम जवळजवळ उलटा आहे.

३

तो कसा, हे पाहण्यासाठी नियमांची भाषा लक्षपूर्वक वाचली पाहिजे. पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली इराणमधील रामसर येथे झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. देशांतर्गत नियम प्रथम २०१० साली आणि नंतर, त्यांची जागा घेणारे, २०१७ साली आले. २०१७ च्या नियमांतील व्याख्येचा पूर्वार्ध अत्यंत व्यापक आहे. दलदल असो वा जलक्षेत्र. नैसर्गिक असो वा कृत्रिम. कायमचे असो वा तात्पुरते. पाणी साचलेले असो वा वाहते, गोडे, मचूळ वा खारे असो. समुद्राच्या बाबतीत ओहोटीच्या वेळी सहा मीटरांपर्यंत खोलीचा भागही तीत येतो. उत्तरार्ध मात्र यातून पुष्कळ काही वगळतो : नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव, आणि मत्स्यसंवर्धन, मीठ, करमणूक वा सिंचन यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामे.

भाषेच्या दृष्टीने येथे एक मौज आहे. व्याख्येचा पूर्वार्ध पाण्याविषयी बोलतो. उत्तरार्ध माणसाच्या हेतूविषयी. पूर्वार्धासाठी जमिनीला विचारावे लागते, उत्तरार्धासाठी इतिहासाला. शिवाय 'मुद्दाम बांधलेले' हे भूतकालवाचक विशेषण करण्याच्या वेळचा हेतू सांगते, आजच्या उपयोगाविषयी ते मौन पाळते. वीस-पंचवीस वर्षे ओस पडलेले, पक्ष्यांनी भरलेले मिठागर अद्याप 'मिठासाठी केलेले बांधकाम' आहे काय, या शंकेचे उत्तर केवळ शब्दांत सापडणार नाही.

'वन' या शब्दाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात नेमका उलटा मार्ग घेतला होता. वन म्हणजे कोशात ज्याला वन म्हणतात ते, मग त्याची मालकी वा नोंद काहीही असो, असे त्याने ठरविले. पाणथळीच्या बाबतीत कोश उघडून भागत नाही. व्याख्या स्वत:च कोशाच्या विरुद्ध जाते. पाण्याने भरलेले भातखाचर ही कोशाप्रमाणे पाणथळ आहे, नियमाप्रमाणे नाही.

आणखी एक भेद विसरता कामा नये. एखादी जागा व्याख्येत बसली म्हणजे ती संरक्षित झाली, असे नाही. २०१७ चे नियम लागू होतात ते रामसर यादीतील आणि केंद्र वा राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या पाणथळींना. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर हे स्थळ २०१९ साली, लोणार २०२० साली आणि ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत आली. गोव्यातील नंदा तलावही २०२२ मध्येच. पैकी नांदूर मधमेश्वर हे गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेले जलक्षेत्र आहे. मनुष्यनिर्मित असणे ही गोष्ट एकटी एखादी जागा वगळण्यास पुरेशी नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

याखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या ८ फेब्रुवारी २०१७ च्या आदेशाने, राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात नोंदलेल्या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियमांतील चौथ्या नियमाच्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण मिळाले. या जागा २.२५ हेक्टरांहून मोठ्या आहेत. हा आकडा गूढ नाही. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तीन मिलिमीटर बाजूचा चौरस म्हणजे जमिनीवर १५० मीटर बाजूचा चौरस, अर्थात २.२५ हेक्टर. म्हणजे ही मर्यादा नकाशाच्या सोयीची आहे. साडेपाच एकरांहून थोडी मोठी अशी ही जागा. कोकणातील कित्येक खातेदारांची सारी जमीन तिच्यात मावेल. म्हणून 'नकाशावर नाही' याचा अर्थ 'जमिनीवर नाही' असा करणे धोक्याचे आहे.

समुद्र व खाडीकाठची गोष्ट स्वतंत्र आहे. किनारा नियमन क्षेत्रातील जागा २०१७ च्या पाणथळ नियमांतून वगळलेल्या आहेत; तेथे १९९१ पासून चालत आलेल्या, २०११ व २०१९ मध्ये नव्याने काढलेल्या किनारा अधिसूचनांचा अंमल चालतो. खाडीवर भरतीचा प्रभाव कोठवर धरावयाचा, तर वर्षातील सर्वांत कोरड्या काळात जेथे पाण्याची क्षारता हजारात पाच भाग भरते तेथवर. कांदळवन हे या व्यवस्थेतील सर्वांत कडक वर्गात मोडते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, कांदळवन लहान असो वा मोठे, सरकारी असो वा खासगी, त्याचा नाश करण्यास मनाई केली आणि त्याभोवती ५० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले.

'खाजण' शब्दाच्या बाबतीत येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. गोव्यासाठी २०११ च्या किनारा अधिसूचनेत खाजनांचा नावाने उल्लेख आहे आणि तीप्रमाणे त्यांत विकासाची कामे करण्यास परवानगी नाही. म्हणजे गोव्यात तो शब्द कायद्याचा आहे. रत्नागिरीत तो बोलीचा व खतपत्रांचा आहे. शब्द एक, उच्चारात किंचित फरक, आणि सीमा ओलांडताच त्याचे सामर्थ्य बदलते.

४

आता प्रत्यक्ष जमिनीकडे वळू. अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाने १९८७ साली पाणथळीची हद्द ठरविण्यासाठी जी पद्धती प्रसिद्ध केली, तीत पाणी, माती आणि वनस्पती या तिघांची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी असा दंडक आहे. कायदा तेथला आहे. साक्षीची रीत कोठेही उपयोगी पडते.

पाण्याची साक्ष घेताना ऋतू पाहिला पाहिजे. कोकणात जुलैत जाऊन जमीन ओली आहे असे नोंदविणे म्हणजे काहीच न नोंदविणे होय. पाऊस सरल्यावर एकदा आणि वैशाखात एकदा, अशा निदान दोन खेपा व्हाव्यात. खाडीकाठी तिथीही पाहावी : उधाणाच्या भरतीला पाणी कोठवर चढते ते पाहिले पाहिजे, भांगाच्या दिवशी पाहिलेली रेषा खालची असते.

मातीची साक्ष अधिक टिकाऊ असते. दीड-दोन वीत खोल खणले असता, दीर्घकाळ पाण्याखाली राहणारी माती राखी वा निळसर दिसते. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू उरत नाही. तेथील जंतू लोहाचे रूपांतर विद्राव्य अवस्थेत करतात, आणि ते वाहून गेल्याने तांबूस रंग जातो. जेथे मुळांच्या वाटेने हवा शिरते तेथे लोह पुन्हा गंजते व तांबड्या रेघा उमटतात. खाजणातील चिखलास सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो खाऱ्या पाण्यातील गंधकयुक्त क्षारांच्या अशाच विघटनाचा. मात्र पिढ्यान्‌पिढ्या भात पिकलेल्या खाचरातही राखी माती व तांबड्या रेघा आढळतात. म्हणजे कायदा ज्या दोहोंत भेद करतो, त्यांत माती भेद करीत नाही.

वनस्पतींत तिवर, कांदळ, चिपी, मारांडी ही भरतीच्या पाण्याची खूण. गोड्या पाण्याजवळ लव्हाळा व पाणकणीस. तिवराची जमिनीतून खुंट्यांसारखी वर आलेली श्वसनमुळे दिसली की इतर पुराव्याची फारशी गरज राहत नाही. याउलट सड्याचे उदाहरण घ्यावे. मे महिन्यात तो निव्वळ कातळ असतो. श्रावण-भाद्रपदात त्याच्या खळग्यांत पाणी साचून सीतेची आसवे, गेंद व दवबिंदू यांची दाटी होते. व्याख्येतील 'तात्पुरते' हा शब्द या पाण्याला लागू पडू शकतो. तथापि तो सडा अधिसूचित नसेल तर २०१७ चे नियम त्याला लागू होत नाहीत. ओलाव्याचे उत्तर 'होय' आणि संरक्षणाचे 'नाही', असे हे उदाहरण आहे. दोन प्रश्न एकत्र करू नयेत, ते यासाठी.

५

कागदांपैकी केवळ सात-बारा पाहून थांबू नये. फेरफार, आकारबंद, मोजणीचे टिपण, गावनकाशा आणि जुनी खते यांची एकमेकांशी तुलना करावी. टिपणात बांध व नाला यांची जागा मिळते. खतात पूर्वीच्या वापराचे शब्द मिळतात. कुलाबा भागातील खतांत 'शिलोत्री' हा शब्द आढळल्यास, ती जमीन कोणीतरी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडविलेली होती असा बोध होतो. किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे पाहून, भरतीरेषा मिळकतीच्या कोणत्या भागातून जाते ते मोजणी नकाशावर उतरवून घ्यावे.

आणि गावातील वृद्धांना विचारावे. मात्र 'पाणथळ आहे का' असे विचारू नये. पाणी कोठून येते, गोडे की खारे, कोणत्या महिन्यात उतरते, बांध कोणी घातला, उघाडीची दारे कोण लावीत असे, खांड केव्हा पडली आणि ती बुजविली की नाही, असे विचारावे. वर्गाचे नाव विचारले की मनुष्य आपला वर्ग सांगतो. घडलेली गोष्ट विचारली की तो साक्षी होतो. बोलीच्या क्षेत्रकार्यात आपण हा नियम नेहमीच पाळतो. येथेही तोच लागू आहे.

६

त्या चार भावांच्या जमिनीची पुढे या पद्धतीने पाहणी झाली. घरातील एका वृद्ध काकूंनी सांगितले की बांध त्यांच्या लग्नापूर्वीचा. पुढे पुरुषमाणसे मुंबईस गेल्यावर उघाडीची कुजलेली दारे कोणी बदलली नाहीत, एका उधाणाला खांड पडली, आणि बांधालगतच्या खाचरांत तिवर उगवला. हे कथन निर्णायक ठरले. किनारा अधिसूचनेप्रमाणे १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध वा उघाडी असल्यास भरतीरेषा त्या बांधावरच थांबते. परंतु बांधाच्या आत खारे पाणी शिरून कांदळवन उगवले असेल, तर तेवढा भाग कांदळवन म्हणूनच संरक्षित मानला जातो. मोजणीअंती मिळकतीचे तीन भाग पडले : बांधालगत सुमारे १२ गुंठे तिवराखाली; त्यापुढील ५० मीटरांच्या पट्ट्यात सुमारे ३५ गुंठे; आणि वरचे सुमारे ४३ गुंठे भातजमीन, जी ना कांदळवन, ना नियमाच्या अर्थाने पाणथळ.

'खाजण म्हणजे पाणथळ' हे उत्तर सबंध ९० गुंठ्यांना लावले असते तर वरच्या ४३ गुंठ्यांवर अन्याय झाला असता. 'सात-बारावर भात आहे, म्हणून काही नाही' हे दुसरे उत्तर दिले असते तर तिवराचा नाश झाला असता. मोजणी येण्यापूर्वीच तिवर तोडून टाकावा, असा सल्ला गावातील एकाने दिलाही होता. थोरल्या भावाने तो मानला नाही. वरचा भाग शेतजमीन म्हणूनच विकला गेला. किंमत त्यांना अपेक्षेहून पुष्कळ कमी मिळाली, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. तिवर राखल्याबद्दल त्यांना कोणी काही दिले नाही. संरक्षणाचा भार ज्यांच्या गुंठ्यांवर पडतो त्यांना निदान तो नेमका किती गुंठ्यांवर पडतो एवढे तरी बिनचूक सांगितले जावे, ही अपेक्षा मोठी नव्हे.

बोलीशब्द गोळा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यातून एक सूचना करावीशी वाटते. जमिनीविषयीचा शब्द टिपताना त्याच्यापुढे केवळ अर्थ लिहू नये. कोणत्या जागेविषयी, कोणत्या महिन्यात, कोणत्या भरतीला, आणि सांगणाऱ्याच्या आठवणीतल्या कोणत्या सालाविषयी तो वापरला गेला, हेही लिहावे. त्या गावच्या वहीत प्रस्तुत लेखकाने 'खाजण : खाडीकाठची दलदलीची जमीन' एवढेच टिपले होते. त्याच वहीत बांधाचे वर्ष आणि खांडीचे वर्ष असते, तर त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे योग्य उत्तर तेथेच, त्याच संध्याकाळी देता आले असते.